हवालदार झोपलाय

१

"आत्या, हवालदार झोपलाय. तू लगेच ये."

एवढंच बोलून थोरल्यानं फोन ठेवून दिला. आत्या रिसीव्हर हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली. लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देण्यात तिची टेलिफोन एक्सचेंजमधली सगळी नोकरी सरली होती. माणूस निवृत्त होतो, कान होत नाहीत. भाच्याच्या आवाजात घाई होती, पण घाबरगुंडी नव्हती. अंगावरची कामं तशीच टाकून तिनं पायात चपला सरकवल्या.

हवालदार म्हणजे कुणी माणूस नव्हे. ती एक मोटार होती. काळी, चौकोनी बांध्याची, रस्त्यात उभी राहिली तर समोरच्यानं आपणहून बाजूला व्हावं अशी. आत्याच्या भावानं, म्हणजे अण्णांनी, ती अमेरिकेहून बोटीनं आलेली असताना घेतली होती, लग्नकार्याला आणि बड्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला. तिच्या जोडीला दुलई. तीही अमेरिकेचीच, पण दुसऱ्या कारखान्याची. अण्णा गेले, धंदा आटोपला, गाड्या मात्र राहिल्या. थोरल्या मुलाकडे हवालदार, धाकट्याकडे दुलई, आणि दोघांत मिळून एक भांडण: दोन्हींत सरस कोण? आज त्या भांडणाचा निकाल लागायचा होता.

फाटकाशी आत्या आणि गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री एकदमच पोचले. मिस्त्रींच्या स्कूटरला हत्यारांची पिशवी लटकत होती.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" आत्यानं विचारलं.

"सूनबाईंनी. म्हणाल्या, हवालदार चालू होत नाही. मी म्हटलं, सकाळी सकाळी चेष्टा करायला मीच सापडलो का?"

शेडचं अर्धं छप्पर उतरवलेलं होतं. रस्ता रुंद होणार होता आणि शेडचा निम्मा भाग त्यात जाणार होता. उरलेल्या भागात एकच गाडी मावणार होती. म्हणूनच आजची ही परीक्षा.

थोरला हवालदारच्या दाराशी उभा होता. मिस्त्रींना पाहताच त्याच्या कपाळाला आठी पडली. बायकोकडे वळून तो म्हणाला, "यांना कशाला बोलावलंस?"

"मग काय करू? हात जोडून बसू त्याच्यापुढे?" सूनबाई म्हणाली. "दुपारी तो जुन्या गाड्यांचा संग्रहवाला यायचाय."

"बॉनेट उघडलं होतं का कुणी?" मिस्त्रींनी बाह्या सारत विचारलं.

"नाही. किल्ली फिरवली, नुसता स्टार्टर घुमला. मी हातसुद्धा लावला नाही," थोरला म्हणाला.

मिस्त्रींनी बॉनेट वर केलं, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि आत डोकावून पाहिलं. इंजिनाला ठिणगी वाटून देणारा अंगठ्याएवढा काळा तुकडा, रोटर, जागेवर नव्हता.

"पडला असेल कुठेतरी," थोरला म्हणाला.

"पडायला तो काय दुधाचा दात आहे? टोपी काढून, रोटर उचलून, टोपी परत लावून दोन्ही क्लिपा चापून बसवल्यात. काढलाय तो कुणीतरी."

"चोर एवढी मोठी गाडी सोडून एवढासा तुकडा नेईल होय?" सूनबाई म्हणाली. "हे घरातलंच काम आहे."

सगळ्यांच्या नजरा दुलईकडे गेल्या. तिच्या शेजारी धाकटा उभा होता. डावा हात कोपरापर्यंत काळा, उजवा हात पँटच्या खिशात.

थोरल्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"खिशात काय आहे तुमच्या?" सूनबाईनं विचारलं.

धाकट्यानं हात बाहेर काढला नाही.

२

या भांडणाला आत्या पहिल्यापासून साक्षी होती. दोन्ही भाऊ मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यात मुरलेले.

थोरल्याचं म्हणणं असं, की गाडी म्हणजे शब्द. दिला की पाळायचा. हवालदारच्या खाली पोलादी पाटे होते. रस्त्यातला दगड अन् दगड तो पाठीला मोजून दाखवायचा, पण कडाक्याच्या थंडीत असो की तापलेल्या चढावर असो, किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात बोलायचा. एकदा एका नवरीची गाडी वाटेत बंद पडली म्हणून हवालदारला बोलावलं, तर तिला मुहूर्ताआधी पोचवून वर पाहुण्यांच्या दोन फेऱ्या मारून आला. ती गोष्ट थोरला अजून सांगे, आणि दर वेळी फेऱ्या एकेक वाढत.

धाकटा म्हणे, गाडी म्हणजे पोचणं नव्हे, जाणं. दुलई मलईच्या रंगाची, मागे माशासारखे पर, आणि खाली स्प्रिंगांच्या जागी हवेनं भरलेल्या रबरी पिशव्या. ती चालायची नाही, तरंगायची. पुढच्या सीटवर काठोकाठ भरलेला चहा धरून बसावं आणि खड्ड्यांच्या रस्त्यानं गावाबाहेर जावं, बशी कोरडी. पण नखरे! रात्रीत हवा गळायची आणि सकाळी बाई मागच्या अंगानं म्हशीसारख्या बसलेल्या. बटणाची काच खाली गेली की वर यायला राजी नाही. धाकट्याचं लग्न राहिलं ते यामुळेच, असं घरात म्हणत. एका घरात दोन नखरेवाल्या नांदायच्या कशा?

"तुझा हवालदार पोचवतो, पण पोचलेल्या माणसाला उतरवायला हाडवैद्य लागतो."

"तुझी दुलई हाडं सांभाळते रे, पण पोचवतच नाही."

इतकी वर्षं याला सगळे हसत आले. मग यंदा वहिनी, या दोघांची आई, न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी रुग्णालयात न्यावं लागे, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की नेणं चुकलं तर पाय कायमचा आखडेल. आता त्या भांडणात आईचा पाय आला आणि हसू गेलं. वेळेवर पोचणं महत्त्वाचं की सुखानं जाणं? वहिनीनंच तोडगा काढला: दोन्ही गाड्यांत बसून मी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येते, मग सांगते. राहील ती राहील, दुसरी त्या संग्रहवाल्या गृहस्थांनी न्यावी.

आणि आज सकाळी हा प्रकार.

"धाकट्या," आत्या जवळ जाऊन हळूच म्हणाली, "माझ्यापुरता तरी खिसा दाखव."

"नाही दाखवता येत, आत्या."

"का रे?"

"नाही दाखवता येत म्हणजे नाही." त्यानं खिशातली मूठ आणखी आवळली. "मी सकाळी इथे होतो, खरं आहे. हिच्या पिशवीत हवा भरत होतो. हवालदारकडे मी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. दादानं किल्ली फिरवली तेव्हा मला वाटलं, चला, एकदा तरी तुझाही रुसला. हसलोसुद्धा. ती चूक झाली असेल तर झाली." तो थोरल्याकडे वळला. "दादा, तुलाही मीच वाटतो का?"

थोरला जमिनीकडे बघत राहिला.

"बरं," धाकटा म्हणाला. "ती गाडी न्यायला येतील ना, त्यांना म्हणावं दोन्ही न्या. मीही निघतो. ज्या घरात माझ्या खिशाची झडती होते, तिथं माझं काय काम?"

तो तरातरा आत गेला. वरच्या खोलीत बॅग ओढल्याचा आवाज आला.

३

आत्यानं मिस्त्रींना पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. तिची चौकशीची रीत साधी होती. प्रश्न थोडे विचारायचे आणि मधली शांतता भरून काढायची नाही. ती समोरचाच भरतो.

"तुमचा संशय माझ्यावर आहे का, बाई?" मिस्त्रींनी शांतता भरली.

"असावा का?"

"असायला हरकत नाही. दुलई राहिली तर माझा फायदा. हवालदारनं मला आजवर काय काम दिलं? दिवाळखोर केलं असतं त्यानं मला. दुलई म्हणजे गुणाची पोर, दर महिन्याला काहीतरी दुखतंच. पण मी रोटर काढला असता, तर मीच येऊन सांगितलं असतं का, की काढलाय म्हणून? पेट्रोलची नळी तुंबलीय म्हणालो असतो, मान हलवली असती आणि गेलो असतो."

हे आत्याला पटलं. लबाडी करणारा स्वतःच्या लबाडीवर बोट ठेवत नाही.

"रोटर काढायचं ज्ञान कुणाकुणाला?"

"या घरात? सगळ्यांना! अहो, अण्णांचा शिरस्ताच होता. परगावी लग्नाला गाडी नेली की तिथं गाडी सोडून जाताना म्हणायचे, झोपव रे तिला. रोटर काढून खिशात. कुणाच्या बापाला पळवता येणार नाही. पोरांनी दोन अक्षरं नीट लिहायच्या आधी गाडी झोपवायला शिकून घेतलं." मिस्त्री हसले. "अण्णांची भाषा मजेची. गाडी चालू होईना, तर रुसली. वाटेत बंद पडली, तर बसली. आपण रोटर काढला, तर झोपवली. मीही इथं आलो की तसंच बोलतो. बाहेर बोललो तर लोक डोक्यावर हात ठेवून बघतील ताप आहे का."

सूनबाई कपडे वाळत घालत होती. एकेक कपडा ती असा झटकत होती, की त्याचाच गुन्हा असावा.

"तुझा राग धाकट्यावर एवढा का गं?" आत्यानं विचारलं.

"राग नाही हो, आत्या. मला हे भांडणच नको झालंय." तिनं दोरीवरचा चिमटा उघडला आणि तसाच धरला. "यांचं गेले काही दिवस लक्ष ठिकाणावर नाही. जेवताना मध्येच थांबतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही. हवालदार गेला तर हे उन्मळून पडतील असं मला वाटलं. आणि आज बघते तर गाडी बंद, आणि हे एवढे शांत! मीच घाबरून मिस्त्रींना फोन केला. तर उलट माझ्यावरच चिडले."

"शांत होता?"

"अगदी. मला म्हणाले, असू दे, नशीब त्याचं. सांगा, तुम्हाला तरी पटतं का?"

आत्याला काहीतरी खटकत होतं. जुन्या स्विचबोर्डवर चुकीच्या खाचेत वायर खोचली की पलीकडून जसा तिसऱ्याच माणसाचा आवाज यायचा, तसं.

वर बॅगेचं कुलूप खट्कन लागलं.

४

वहिनी खिडकीशी खुर्चीत बसली होती, परीक्षेसाठी ठेवणीतली साडी नेसून. बाहेर काय चाललंय ते तिला अर्धं ऐकू आलं होतं आणि उरलेलं तिनं ओळखलं होतं.

"वन्सं, धाकट्यानं नाही केलं."

"कशावरून?"

"मी आई आहे."

"हे उत्तर कोर्टात चालत नाही आणि माझ्याकडेही नाही," आत्या म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर टेकली. "त्याच्या खिशात काय आहे, वहिनी?"

वहिनी खिडकीबाहेर बघायला लागली. आत्यानं शांतता तशीच राहू दिली.

"गोळ्या," शेवटी वहिनी म्हणाली. "दुखणं कमी करायच्या. मीच त्याला आणायला सांगितल्या. आणि शपथ घातली, दादाला कळता कामा नये."

"कधी घेतेस?"

"हवालदारमध्ये बसायच्या आधी." वहिनी हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "काय सांगू, वन्सं. रस्त्यातली प्रत्येक खाच खुब्यात येते. पण थोरला किती जपून चालवतो! उतरताना विचारतो, आई, दुखलं का? मी म्हणते, छे रे, सिंहासनावर बसल्यासारखं वाटतं. त्याचा चेहरा असा खुलतो म्हणून सांगू! ती गाडी म्हणजे त्याचे वडील आहेत गं. तिनं मला दुखवलं हे त्याला कसं सांगू?"

"मग आज निकाल काय देणार होतीस?"

"हवालदार." वहिनीनं साडीची निरी नीट केली. "दुलई वाटेत बंद पडते, रुग्णालय चुकतं. थोरल्याचं खरंच आहे. आणि गोळी आहेच की."

आत्या उठली तेव्हा तिचा चेहरा गंभीर होता. खिसा मोकळा झाला खरा, पण धाकटा जास्तच अडकला. आईचं दुखणं ठाऊक असलेला, बोलायला बंदी असलेला, आणि हवालदार जिंकणार हे दिसत असलेला माणूस एकच होता. त्याच्याइतकं सबळ कारण दुसऱ्या कुणाला होतं?

की आणखी कुणाला ठाऊक होतं?

५

जिन्यात धाकटा बॅग घेऊन उभा होता. आत्या त्याला म्हणाली, "मी सांगेपर्यंत फाटकाबाहेर पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन. मग तुलाही दोन गाड्यांतनं निवड करावी लागेल." तो नाइलाजानं पायरीवर बसला.

शेडमध्ये कुणी नव्हतं. आत्यानं हवालदारचं मागचं दार उघडलं. उजव्या कोपऱ्यात वहिनीची बसायची जागा होती. उशा रचलेल्या, आणि दारावर धरायचा चामडी पट्टा. डाव्या बाजूचा पट्टा नव्यासारखा ताठ होता. उजवा लोंबलेला, मुठीच्या आकाराचा चुरगळा पडलेला. सिंहासनावर बसणारं माणूस पट्टा असा पिळत नाही. वहिनीची मूठ इथं सगळं सांगत होती, पण ते वाचायला मागे वळून कोण बघणार? चालवणारा तर पुढे बघतो.

पुढे बघतो?

आत्या वळसा घालून चालकाच्या जागेवर जाऊन बसली. थोरला ताडमाड, ती बुटकी. त्याच्या उंचीला पोचायला तिनं वहिनीच्या दोन उशा बुडाखाली घेतल्या, पाठ ताठ केली आणि वरच्या आरशात पाहिलं.

आरशात मागचा रस्ता दिसायला हवा होता. रस्त्याचा ठिपकासुद्धा नव्हता. आरसा खाली आणि उजवीकडे कलवलेला होता, आणि त्यात बरोबर तो कोपरा होता. बसणाऱ्याचा चेहरा आणि पट्ट्यावरचा हात.

कितीतरी फेऱ्या हा पोरगा मागच्या गाड्या न बघता, आईचा चेहरा बघत चालवत आला होता. आणि दर वेळी उतरताना विचारत होता, दुखलं का? आणि दर वेळी ऐकत होता, छे रे.

मग तिसऱ्याचा तो आवाज तिला स्वच्छ ऐकू आला. सकाळच्या फोनवरचा: हवालदार झोपलाय. मिस्त्री यायच्या आधीचा. बॉनेटला हात लागायच्या आधीचा.

धाकटा म्हणाला होता, रुसला. गाडी चालू झाली नाही एवढंच ज्याला ठाऊक, तो या घरात हाच शब्द वापरेल. रोटर काढलेला आहे हे ठाऊक असल्याशिवाय या घरातलं कुणी दुसरा शब्द वापरणार नाही. चुकूनही नाही. खोटं बोलायला बसलेला माणूससुद्धा आईबापाकडून आलेला शब्द बदलू शकत नाही, कारण तो आपण निवडलाय हेच त्याला कळत नाही.

गाडीच्या दारात सावली पडली. थोरला उभा होता.

"उशा घेऊन बसलीस?" तो म्हणाला.

"तुझ्या जागेवरून काय दिसतं ते बघायला." आत्यानं शेजारच्या सीटवर थोपटलं. "बस. आणि खिशातलं दे इकडे. झोपवलेल्या गाडीचा रोटर कुठं ठेवायचा ते तुला अण्णांनीच शिकवलंय."

थोरला बसला. त्यानं रोटर काढून तिच्या तळहातावर ठेवला. तो कोमट होता.

"तिनं एकदा तरी हूं म्हटलं असतं ना, आत्या," तो म्हणाला. "एकदा. मी त्याच दिवशी गाडी देऊन टाकली असती."

"मग सरळ सांगायचं, की दुलई राहू दे."

"मी म्हटलं असतं, तर तिला कळलं असतं मला दिसलंय. मग तिनं हट्टानं हवालदारच ठेवला असता, मला बरं वाटावं म्हणून. तू ओळखत नाहीस का तिला? तिचा एकच मुद्दा होता, हवालदार दगा देत नाही. म्हटलं, आजच्या दिवशी देऊ दे त्याला दगा. एकदाच. नुसता बंद आहे म्हणायचं, परीक्षा हरायची, गाडी ढकलत टेम्पोवर चढवायची. मागाहून रोटर पाठवून दिला असता. हिनं मिस्त्रींना बोलावलं आणि सगळं फिसकटलं."

"आणि धाकट्यावर आळ आला तेव्हा?"

थोरल्यानं समोरच्या डॅशबोर्डवर कपाळ टेकवलं. "तेव्हापासून तोंड उघडायचा प्रयत्न करतोय. आईसमोर उघडत नाही."

"एकेकाचं बघा," आत्या म्हणाली. तिला रागही आला होता आणि रडूही. "आई तुला दुखवायचं नाही म्हणून गप्प. तो आईला दुखवायचं नाही म्हणून गप्प. तू दोघांना दुखवायचं नाही म्हणून गप्प. आणि या सगळ्या प्रेमापोटी एक जण बॅग भरून जिन्यात बसलाय. उठ!"

फाटकाबाहेर मोठ्या टेम्पोचा हॉर्न वाजला. संग्रहवाला वेळेआधीच आला होता.

६

सूनबाईनं त्या गृहस्थांना बाहेरच्या खोलीत बसवलं. आत, वहिनीच्या खुर्चीपुढे, सगळे गोळा झाले. थोरला मध्यभागी उभा राहिला. अंगानं एवढा मोठा माणूस, पण शाळेत उभं केल्यासारखा.

"रोटर मी काढला," तो म्हणाला.

सूनबाईचा हात तोंडाशी गेला. धाकट्यानं मान वर केली.

"का?" वहिनीनं विचारलं.

"तू पट्टा कसा धरतेस, ते मला आरशात दिसतं, आई."

वहिनीनं हात मांडीवर उलटा केला, जणू तळव्यावर पट्ट्याची खूण राहिली असेल. मग एकदम तिचे डोळे भरले.

"मेल्या, मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

"अरे, मला वाटलं..." ती थांबली. "दुखतं रे," ती म्हणाली. "खूप दुखतं."

थोरल्याला जे ऐकायचं होतं ते हेच होतं. तो तिच्या पायाशी खाली बसला आणि तिच्या बऱ्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. धाकट्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढून खिडकीत ठेवली.

"हे होतं," तो सूनबाईला म्हणाला.

"भावजी, मला..." सूनबाईनं त्याची बॅग उचलली आणि स्वतःच जिना चढून वर ठेवून आली. त्या घरात माफी मागायची तीच पद्धत असावी.

धाकटा अजून घुश्शातच होता. "दादा, मला सकाळपासून चोर ठरवलंस."

"ठरवलं नाही. ठरू दिलं. ते जास्त वाईट." थोरल्यानं नाक पुसलं. "मार हवं तर."

"मारत नाही. एकदा म्हण, दुलई सरस."

थोरल्याचा जबडा आवळला. सगळे वाट बघत राहिले.

"आईसाठी सरस," तो म्हणाला.

"चालेल," धाकटा म्हणाला. "उरलेलं हप्त्याहप्त्यानं घेईन."

"पण ती बंद पडते हे खरंच आहे," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "रुग्णालय चुकलं तर?"

"नाही पडणार." थोरला उठला. "त्या पिशव्या जिथं गळतात ते सांधे यानं कधी नीट बघितलेच नाहीत. नुसती हवा भरत बसतो. रोज सकाळी मी बघीन."

"माझ्या गाडीला हात लावणार तू?" धाकटा म्हणाला.

"तुझी चालवायची, माझी सुरू करायची. आहे कबूल?"

मिस्त्री दारातून म्हणाले, "म्हणजे माझंच काम गेलं म्हणा की." पण ते हसत होते.

हवालदारला निरोप द्यायला थोरला एकटाच गेला. रोटर बसवला, टोपी लावली, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात बोलला. टेम्पोच्या फळीवर थोरल्यानंच त्याला चढवलं, कुणाला ढकलू दिलं नाही. खाली उतरताना त्यानं बॉनेटवर एकदा हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि संग्रहवाल्याला म्हणाला, "दर आठवड्याला फिरवत जा. बसवून ठेवलेलं त्याला आवडत नाही."

टेम्पो दिसेनासा झाल्यावर धाकटा दुलईची किल्ली घेऊन आला आणि त्याच्यापुढे धरली.

"मी?" थोरला म्हणाला. तत्त्व म्हणून तो आजवर त्या गाडीत एकदाही बसलेला नव्हता.

"आईला फिरवून आणायचंय. ती साडी नेसून बसलीय सकाळपासून. आणि मला तुझा चेहरा बघायचाय."

वहिनी आणि आत्या मागे बसल्या, धाकटा पुढे, सूचना द्यायच्या नाहीत या अटीवर. दुलई फाटकातून बाहेर पडली आणि थोरल्यानं स्टिअरिंग असं धरलं, जणू काचेचं असावं. नाक्यापर्यंत तो काही बोलला नाही. एकदाच पुटपुटला, "हे काय, रस्ता गेला कुठं?" धाकट्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

मालधक्क्याजवळ रेल्वेचं फाटक उघडं होतं. मध्ये जुने उंच रूळ, त्यांच्यामधले दगड निघालेले. लांबूनच थोरल्याचे खांदे वर गेले. त्यानं वेग अगदी कमी केला, दात आवळले आणि गाडी रुळांवर घातली. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं, उतरलं.

फाटक ओलांडल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि पूर्ण मागे वळला.

"आई, दुखलं का? खरं सांग."

वहिनी आत्याला कुठलीशी जुनी गंमत सांगत होती. ती मध्येच तोडून तिनं वर पाहिलं.

"काय दुखलं?"

"रूळ गेले ना आत्ता."

"कुठले रूळ?"

थोरला तिच्याकडे बघत राहिला. मग तो पुढे वळला, त्यानं मोकळा रस्ता बघितला आणि एवढी लांब गाडी एका दमात उलटी फिरवली.

"दादा, टाकी तिकडे राहिली," धाकटा म्हणाला.

"माहीत आहे," थोरला म्हणाला आणि पुन्हा रुळांकडे निघाला.